पन्नास सह्या आणि एक शेकोटी

(एपिसोडचं लिखित रूप. जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त "अं" आणि "तर मग" थोडे गाळलेत.)

आजचा एपिसोड इतिहासाचाच आहे, पण सुरुवात मी आमच्या सोसायटीच्या गेटपासून करणार आहे.

डिसेंबर २०२३. बाणेर. रात्री साडेअकराला क्लायंटचा कॉल संपवून बाल्कनीत आलो, तर खालून धूर येत होता. वॉचमन काकांनी गेटजवळ शेकोटी पेटवली होती. वाळलेला पाला, एक-दोन खोकी, आणि वासावरून कळत होतं की थोडं प्लास्टिकसुद्धा. माझ्या आईला दमा आहे आणि ती नेमकी त्या आठवड्यात आमच्याकडे राहायला आलेली. मी फोटो काढला, तक्रारीच्या एका ॲपवर टाकला आणि झोपलो.

चार दिवसांनी सोसायटीला दंडाची पावती आली. माझ्या फोनवर मेसेज आला की तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. टिकेट क्लोज झालं की आम्हाला बरं वाटतं. मलाही वाटलं.

महिनाअखेरीला कळलं की सोसायटीच्या कमिटीने सिक्युरिटी एजन्सीला सांगून त्या दंडातला अर्धा हिस्सा काकांच्या पगारातून कापायला लावला. मी खाली गेलो. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, तरी गेलो. काका लातूरकडचे. रागावले वगैरे नाहीत. एवढंच म्हणाले, "दादा, धूर मलापण लागतोच की. पण तुम्हाला थंडी लागत नाही."

यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. उघड्यावर कचरा जाळू नये हा नियम बरोबर आहे, आजही मला तसंच वाटतं. पण तो नियम करताना रात्रभर गेटवर बसणाऱ्या माणसाला कुणी काही विचारलं होतं का? आणि खरं सांगायचं तर मला तरी कुणी विचारलं होतं? मग पुण्याच्या हवेबद्दल कोण ठरवतं, आणि ते कुणाच्या वतीने ठरवतं? हा प्रश्न घेऊन मी वाचत सुटलो आणि पोचलो थेट १८७० मध्ये.

"तुम्ही कुणाच्या वतीने बोलताय?"

शाळेत आपण सार्वजनिक सभेबद्दल एक ओळ पाठ केली होती. २ एप्रिल १८७०, पुणे, गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका. एक मार्काचा प्रश्न. त्या एका मार्काच्या मागे जी गंमत आहे ती आपल्याला कुणी सांगितली नाही.

प्रकरण सुरू झालं पर्वतीवरून. पर्वती संस्थानाचा कारभार बघणाऱ्या पंचांबद्दल लोकांमध्ये नाराजी होती. गाऱ्हाणं सरकारपर्यंत न्यायचं, तर समोरून पहिला प्रश्न येणार की तुम्ही कोण, आणि कुणाच्या वतीने बोलताय? आजही कुठल्याही ऑफिसच्या खिडकीवर हाच प्रश्न येतो ना?

सभेने त्यावर जे उत्तर काढलं ते मला भारी वाटतं. सभासद व्हायचं असेल तर वर्गणी भरून भागणार नाही. किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणायचा. म्हणजे पन्नास लोकांनी लिहून द्यायचं की हा माणूस आमच्या वतीने बोलेल. सुरुवातीला असे ९५ सभासद होते आणि त्यांच्या मागे सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या.

तेव्हा देशात मतदानाचा हक्क म्हणावा असं काही नव्हतं. पुण्याची नगरपालिका १८५७ पासून होती, पण तिथे लोक नेमले जायचे. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते, तेही सरकारनियुक्त. अशा काळात एक खाजगी संस्था स्वतःवरच अट घालून घेते, की आधी पन्नास माणसांची संमती आण आणि मग तोंड उघड.

आता लगेच भारावून जायला नको. हे सभासद मुख्यतः सरदार, इनामदार, वकील, सावकार, पेन्शनर. सही करायला अक्षरओळख लागते, आणि तेव्हा ती किती जणांकडे होती? गेटवर बसणारा माणूस त्या ६,००० मध्ये असण्याची शक्यता कमीच. ही त्रुटी लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे. तरी प्रश्न त्यांनी बरोबर पकडला होता: बोलणाऱ्याला बोलायचा अधिकार कुणी दिला?

कारण बरोबर, पद्धत चुकीची

सत्तावीस वर्षांनी याच शहरात नेमकं उलटं घडलं.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेग सापडला आणि पुढच्या काही महिन्यांत तो पुण्यात आला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. तोच कायदा, जो आपण २०२० मध्ये कोविडच्या वेळी पुन्हा ऐकला. पुण्यात वॉल्टर रँड या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. गोरे सैनिक घराघरांत शिरून तपासणी करू लागले. आजारी माणसं दवाखान्यात, घरचे छावणीत, सामान रस्त्यावर, काही वेळा आगीत. देवघर, माजघर, कुठलीच मर्यादा उरली नाही.

एक गोष्ट इथे सरळ मान्य करायला हवी. प्लेग खरा होता. माणसं खरोखर मरत होती. रोगी वेगळा ठेवायचा, घर स्वच्छ करायचं, यामागे कारण होतं. टिळकांनीही प्लेगच्या उपायांना सरसकट विरोध केला नव्हता. ते शहर सोडून गेले नाहीत आणि रुग्णालयाच्या कामात त्यांनी मदत केली. त्यांचा राग पद्धतीवर होता. लोकांना विश्वासात न घेता, त्यांच्यातल्या कुणाला जबाबदारी न देता, सैनिकांच्या हातून आरोग्य राबवणं त्यांना मान्य नव्हतं.

त्याच साथीत, त्याच शहराच्या वेशीवर, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव प्लेगच्या रुग्णांवर उपचार करत होते. रुग्ण तिथेही वेगळेच ठेवले जात होते. पण तिथे नेणारा हात ओळखीचा होता. १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई प्लेगनेच गेल्या.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच रात्री लेफ्टनंट आयर्स्टही मारला गेला. इतिहासाच्या पुस्तकातला धडा इथे संपतो. पण आपल्या आजच्या विषयासाठी महत्त्वाचं घडलं ते यानंतर. १८९८ मध्ये मुंबईतही प्लेगच्या सक्तीवरून दंगल झाली. मग सरकारने हळूहळू सक्ती सैल केली, स्थानिक स्वयंसेवक आणि समाजातली जाणती माणसं सोबत घ्यायला सुरुवात केली. साम्राज्याला लोकशाहीचा पुळका आला होता असं काही नाही. लोक रोगी लपवायला लागले की कुठलीच तपासणी चालत नाही, एवढं त्यांना कळून चुकलं होतं.

मला वाटतं हवेचंही तसंच आहे. दंडाच्या भीतीने शेकोटी विझत नाही. ती गेटवरून इमारतीच्या मागे जाते.

जमिनीवर हरकत घेता येते, हवेवर नाही

आता एक उडी मारून स्वतंत्र भारतात येऊ. पुण्याची महापालिका झाली १५ फेब्रुवारी १९५० ला. १९६६ मध्ये महाराष्ट्राचा प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायदा आला. या कायद्यात एक पायरी आहे जी चुकवता येत नाही: शहराचा विकास आराखडा आधी मसुदा म्हणून प्रसिद्ध करायचा, लोकांकडून हरकती आणि सूचना मागवायच्या, त्यावर सुनावणी घ्यायची, आणि मगच पुढे जायचं.

पुणेकर हरकत घेण्यात किती पटाईत आहेत हे वेगळं सांगायला नको. जुन्या हद्दीच्या २००७ ते २०२७ या विकास आराखड्याचा मसुदा २०१३ मध्ये आला, तेव्हा सुमारे ८७,००० हरकती-सूचना आल्या. सत्त्याऐंशी हजार! सुनावणीसाठी जी नियोजन समिती बसली, तिच्यातच मतभेद झाले. २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा महापालिकेकडून काढून घेतला आणि विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दिला. अंतिम मंजुरी आली जानेवारी २०१७ मध्ये. २००७ ला सुरू व्हायचा आराखडा, मुदतीतली निम्मी वर्षं संपल्यावर मंजूर!

म्हणजे लोकांना विचारण्याला किंमत असते. वेळ जातो. आणि त्या ८७,००० मध्येही ज्यांच्याकडे वेळ होता, नकाशा वाचता येत होता, छापील फॉर्म भरायला कुणीतरी मदतीला होतं, अशांचाच आवाज मोठा असणार. १८७० ची तीच त्रुटी.

पण निदान दार तरी आहे. टेकडीवर रस्ता काढायचा असेल, मैदानाचं आरक्षण बदलायचं असेल, तर कागदावर का होईना तुम्हाला "माझी हरकत आहे" म्हणता येतं. समाविष्ट गावांतल्या टेकड्यांवर ९७८ हेक्टरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टिकलं आणि २०१५ मध्ये मंजूर झालं, त्यामागे वर्षानुवर्षं मागे लागलेले नागरिक होते.

आणि हवा? हवेसाठी आपला मुख्य कायदा आहे १९८१ चा. त्याचं कलम १९ वाचताना मी दोनदा मागे गेलो. राज्य सरकार एखादा भाग हवा प्रदूषण नियंत्रण क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. त्या भागात एखादं इंधन वापरायला बंदीही घालू शकतं. त्याआधी सल्लामसलत करायची आहे. हो, हा शब्द कायद्यात आहे. पण सल्लामसलत कुणाशी, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाशी. बंदी घातली तर अधिसूचना निघाल्यापासून किमान तीन महिन्यांची मुदत द्यायची, एवढंच. त्या भागात राहणाऱ्या, चूल पेटवणाऱ्या, भट्टी चालवणाऱ्या माणसाला विचारायची पायरी त्या कलमात नाही.

थोडक्यात, माझ्या घरासमोरून जाणाऱ्या रस्त्याबद्दल सरकारला मला विचारावं लागतं. माझ्या छातीत जाणाऱ्या हवेबद्दल विचारावं लागत नाही.

कोड लिहिणारा, तपासणारा आणि मर्ज करणारा एकच

जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेची मानकं सलग पाच वर्षं न पाळलेली १०२ शहरं पहिल्या यादीत होती, पुढे ती १३१ झाली. पुणे त्यात आहे. ज्या शहरात उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था आहे, जिथल्या शास्त्रज्ञांनी "सफर" ही हवेचा अंदाज देणारी यंत्रणा उभी केली, ते शहर. म्हणजे आपल्याकडे मोजणारे उत्तम आहेत.

लक्ष्य आधी ठरलं होतं २०२४ पर्यंत धूलिकण २० ते ३० टक्के कमी करायचं. नंतर ते २०२५-२६ पर्यंत ४० टक्के झालं. प्रत्येक शहराने कृती आराखडा करायचा. शिवाय पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या ४२ शहरी क्षेत्रांसाठी हवेच्या कामाला वेगळा निधी ठेवला, २०२१ ते २०२६ या काळासाठी १२,१३९ कोटी रुपये. त्यातही पुणे आहे. केंद्राने कार्यक्रमाचा मसुदा २०१८ मध्ये लोकांसमोर ठेवून सूचना मागवल्या होत्या, हे खरं. पण शहराच्या आराखड्यावर वॉर्डावॉर्डात सुनावणी झालीच पाहिजे, अशी सक्ती या रचनेत नाही. मंडळ, महापालिका, वाहतूक, परिवहन असे विभाग बसतात आणि कामं ठरवतात.

यावर कुणी म्हणेल, विकास आराखड्यासारखी सुनावणी नसली तरी नगरसेवक आहेतच की, आपण मत देऊन निवडलेले. ७४ व्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचं संरक्षण हा विषय महापालिकांच्या यादीत घातलाय. आपण नाही, आपला प्रतिनिधी तरी विचारेल.

इथे कॅलेंडर बघा. पुणे महापालिकेची मुदत संपली १४ मार्च २०२२ ला. राज्यघटना सांगते की मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या न्यायालयीन वादात ती अडकली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगितलं, आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. जवळपास चार वर्षं या शहरात एकही नगरसेवक नव्हता. महापालिका आयुक्त हेच प्रशासक होते. स्थायी समितीचे अधिकार त्यांच्याकडे, सर्वसाधारण सभेचेही त्यांच्याकडे.

आता ती चार वर्षं आणि स्वच्छ हवेच्या कार्यक्रमाची वर्षं शेजारी शेजारी ठेवून बघा. निधी येण्याचा, खर्च होण्याचा मधला काळ बराचसा तोच.

मी कुणावर गैरव्यवहाराचा आरोप करत नाहीये. अधिकारी मेहनत घेत असतील, काही निर्णय चांगलेही असतील. पण आमच्या क्षेत्रात एक साधा नियम असतो: ज्याने कोड लिहिला, त्याने स्वतःच तो तपासून स्वतःच मर्ज करायचा नाही. तो माणूस हुशार नाही म्हणून हा नियम नसतो. हुशार माणसालाही स्वतःची चूक दिसत नाही, म्हणून असतो.

आणि चूक कशी असू शकते याचं उदाहरण देशपातळीवर आहे. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०२४ मध्ये हिशेब मांडला, तर या कार्यक्रमातल्या खर्चाचा सुमारे ६४ टक्के भाग रस्त्यावरच्या धुळीवर गेला होता. रस्ते झाडायची यंत्रं, पाण्याचे फवारे, डांबरीकरण. वाहनांच्या धुरावर त्याच्या मानाने फारच थोडा. धूळ हा प्रश्न आहेच. पण सिग्नलवर रोज दोन तास उभ्या राहणाऱ्या रिक्षावाल्याला विचारलं असतं, तर त्याने पहिलं नाव धुळीचं घेतलं असतं का? मला माहीत नाही, कारण विचारलंच गेलं नाही.

लंडनची चूल, मुंबईची भट्टी

कुणाला वाटेल, विचारत बसलो तर काहीच होणार नाही. म्हणून एक बाहेरचं उदाहरण.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर विषारी धुक्याची चादर पसरली, हजारो माणसं दगावली. त्यानंतर १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला. त्यातली मुख्य गोष्ट म्हणजे स्थानिक परिषदेने एखादा भाग धूर नियंत्रण क्षेत्र म्हणून जाहीर करायचा. पण तसा आदेश काढताना नोटीस प्रसिद्ध करायची, हरकतींसाठी किमान सहा आठवडे द्यायचे, हरकती आल्या तर त्या ऐकायच्या, आणि मग मंत्र्यांनी आदेश कायम करायचा. लोकांच्या घरातली कोळशाची शेगडी बदलावी लागणार होती. त्या बदलाचा दहातला सात भाग खर्च स्थानिक परिषद परत करायची.

हरकत घ्यायला वेळ, आणि खर्चाचे ७० टक्के. बंदी होतीच, पण बंदीसोबत हेही होतं.

आता आपल्याकडे या. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. पाव भाजणाऱ्या भट्ट्या. त्या धुराने आजूबाजूची माणसं आजारी पडतात, हे खोटं नाही. न्यायालयाने हात घातला कारण बाकीच्यांनी वर्षानुवर्षं घातला नव्हता. पण बेकरीवाल्यांचे प्रश्न (भट्टी बदलायला पैसे कुठून आणायचे, गॅसची लाइन कधी येणार, पावाचा भाव किती वाढणार) चर्चेत आले ते आदेशानंतर, मुदत वाढवून मागताना. जे आधी विचारायला हवं होतं ते नंतर विनवणी म्हणून आलं.

लंडनची शेगडी, मुंबईची भट्टी आणि आमच्या गेटवरची शेकोटी, तिन्ही ठिकाणी धूर वाईटच. फरक एवढाच की एका ठिकाणी धूर करणाऱ्याला नागरिक धरलं गेलं. बाकी दोन ठिकाणी तो आधी आरोपी झाला.

मग करायचं काय?

माझ्या आजोळच्या गावात ग्रामसभा भरते. भांडणं होतात, अर्धे लोक येत नाहीत, सगळं खरं. पण सरपंचाला उभं करून विचारता येतं. शहरात तसं काय आहे? महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली आहे, म्हणजे शहरातल्या छोट्या भागातल्या मतदारांची सभा. माझ्या उभ्या आयुष्यात अशा सभेचं निमंत्रण मला आलेलं नाही. पुण्याने २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घ्यायला सुरुवात केली, हे कौतुकाचंच. पण तिथे आपण मागतो बाक, दिवा, फुटपाथ. हवा मागायला फॉर्ममध्ये रकाना नसतो.

आता महापालिकेत पुन्हा १६५ नगरसेवक आलेत. बहुतेक प्रभागांत चार-चार. त्यांना मी तीन गोष्टी विचारणार आहे, तुम्हीही विचारा. आपल्या प्रभागात हवेच्या निधीतून काय काम झालं? पुढचं काम ठरवण्याआधी ते लोकांसमोर कधी ठेवणार? आणि आम्ही सूचना केली, तर ती घेतली की नाकारली, आणि नाकारली तर का, हे लेखी कळवणार का?

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे एखादं टिकेट "करणार नाही" म्हणून बंद करता येतं, पण कारण लिहावंच लागतं. ८७,००० हरकती मागवणं ही मोठी गोष्ट आहे. पण माझ्या हरकतीचं काय झालं हे मला कळलं नाही, तर पुढच्या वेळी मी फॉर्म भरणार नाही. सगळं माझ्या मनासारखं व्हावं अशी माझी अपेक्षा नाही. माझ्याविरुद्ध निर्णय झाला तरी चालेल, कारण सांगा.

आणि एक काम आपलं स्वतःचं. सार्वजनिक सभेच्या सभासदाला पन्नास सह्या लागायच्या. मी ॲपवर फोटो टाकला तेव्हा माझ्यामागे एकसुद्धा नव्हती, आणि शिक्षा मात्र दुसऱ्याला झाली.

म्हणून या डिसेंबरमध्ये सोसायटीच्या मीटिंगला मी शेकोटीचा विषय मांडला. कुणीतरी लगेच म्हणालं, काकांना हीटर घेऊन देऊ. वर्गणीची चर्चाही सुरू झाली. मी म्हटलं, आधी त्यांना वर बोलावू. दोन्ही शिफ्टचे वॉचमन आले, झाडलोट करणाऱ्या ताईही आल्या. काका म्हणाले, "हीटर नको, त्याची वायर कोण सांभाळणार? केबिनचं दार लागत नाही दोन वर्षांपासून. खालच्या फटीतून वारं येतं. तेवढं बघा." आणि ताई म्हणाल्या की गाडीवाले वाळका पाला घेत नाहीत, तो ठेवायला जागा नाही, म्हणून त्याच गेटपाशी ढीग लावतात. म्हणजे शेकोटीला लाकूडफाटा आम्हीच पुरवत होतो.

दार दुरुस्त करायला सुताराने बाराशे रुपये घेतले. पाल्यासाठी मागच्या कोपऱ्यात जाळीचा एक पिंजरा केलाय, खत होतंय की नाही ते उन्हाळ्यात कळेल. काकांच्या कापलेल्या पैशांचा विषय मी काढला तेव्हा कमिटी म्हणाली, जुनं प्रकरण आहे. ते पैसे मी माझ्याकडून दिले. त्यांनी घेतले, मोजले, आणि खिशात ठेवताना म्हणाले, "तेव्हा आधी खाली आला असतात तर?"

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या भागात हवेबद्दलची एखादी सभा, सुनावणी कधी झाली असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. कुणाला बोलावलं होतं आणि कोण आलं नव्हतं, हे दोन्ही सांगा. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातल्या काही ऐकू. भेटू.